शुद्धीत असल्याचा पुरावा

देवबागेत अस्वस्थ माणसाची फार गैरसोय होते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधली जमीन इतकी निरुंद, की विचार करत चालायला लागावं तर पहिला विचार पुरा व्हायच्या आत पाय ओले होतात. लवू मालंडकर गेले सदतीस दिवस असा चालत होता. खाडीकडे जाताना कोणी विचारलं तर म्हणायचा, "होडी बगूक जातंय." होडी खाडीतच होती, त्यामुळे ते ठीक होतं. समुद्राकडे जातानाही तो हेच म्हणायचा.

त्याचं रक्त तपासणीला गेलं होतं. पाच मिलिलिटर रक्त आणि बाटलीभर लघवी, लाखेच्या सीलसकट, घाटापलीकडच्या सरकारी प्रयोगशाळेत. तिथून यायचा होता तो सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा कागद. लवूच्या अंगात त्या दिवशी दारू होती की नव्हती, एवढंच त्यात लिहून येणार होतं. अशा रिपोर्टची वाट बघणारी माणसं 'नव्हती' असं यावं म्हणून नवस बोलतात. लवूला 'होती' असं यायला हवं होतं, आणि ती नव्हती हे जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

हे समजायला बावीस वर्षं मागे जावं लागेल.

बावीस वर्षांपूर्वी लवू खरोखरच पीत असे, आणि वाईट पीत असे. मग कावीळ झाली. डॉक्टरने सांगितलं, आता एक ग्लास जरी घेतलास तर पुढचा ग्लास तुझ्या नावाने दुसरेच घेतील. लवूने दारू सोडली. पंधरा दिवसांनी देवळातल्या गावसभेत तो उठला आणि तेव्हाच्या सरपंचाला म्हणाला, "तुमच्या परसातली फरशी आणि शाळेची फरशी एकाच आवशीची चेडवां, सख्ख्यो भयणी, कशी दिसतत?" सभा खदखदून हसली. सरपंचही हसले. कोणीतरी म्हणालं, "चढली रे ह्येका!" दोघांनी हाताला धरून त्याला प्रेमाने घरी पोचवलं. लवूने त्या दिवशी नारळपाण्याशिवाय काही घेतलेलं नव्हतं.

त्या रात्री त्याला एक मोठा शोध लागला. गावात शुद्धीवरच्या माणसाने खरं बोललं तर त्याला भांडण म्हणतात, सात पिढ्या निघतात, वाट अडवली जाते, लग्नं मोडतात. प्यालेल्याने तेच बोललं तर लोक खुर्ची पुढे ओढून बसतात.

तेव्हापासून ज्या दिवशी बोलायचं असेल त्या दिवशी लवू एक बूच दारू घेऊन गुळणी करायचा, थुंकून टाकायचा, दोन थेंब कॉलरला लावायचा, डोळे चोळायचा आणि निघायचा. एक बाटली दीड वर्ष पुरायची. गावातल्या सर्वांत नामांकित बेवड्याचा खप तो एवढाच.

बायकोला, मथुरेला, हे सांगायचं त्याच्या मनात होतं. पण घरातही सोय बरी होती. आमटीत कोकमाची सोलां जास्त पडतात, तुझा भाऊ कामाचा नाही, असल्या गोष्टी तोंडाला वास असताना सुरक्षित बोलता यायच्या. आणि पुढच्याच महिन्यात मथुरेने त्याची दारू सुटावी म्हणून समुद्रकाठच्या कुणकेश्वराला सोमवार धरले. पहिल्या सोमवारी सांगणं जमलं असतं. दुसऱ्या सोमवारी थोडं कठीण होतं. आता हजारावर सोमवार झाले होते, आणि एकेका सोमवारानिशी ते आणखी कठीण होत गेलं होतं.

तर यंदाची सभा. सप्टेंबरचा शेवट, पर्यटनाचा हंगाम तोंडावर. होडीवाल्यांच्या संघटनेची वार्षिक सभा होती. अध्यक्ष भाई चोपडेकर व्यासपीठावर, बाजूला बाहेरून आलेले दोन पाहुणे अधिकारी. सेक्रेटरी दत्तप्रसाद अहवाल वाचत विषय सातवर आला: नवीन साठ लाइफ जाकिटं घेतल्याबद्दल अध्यक्षांचं अभिनंदन. लवू उठला. झोकांडी खाल्ली, एक प्लॅस्टिकची खुर्ची पाडली, माइक धरला.

"भाई, ही जाकिटा न्हय, हे लोड-तक्के आसत! आतमदी गादीचो स्पंज भरलेलो आसा. पर्यटक बुडालोच तर निदान मऊ बिछान्यार बुडात!"

सभा नेहमीसारखी हसली. भाईही एरवी हसले असते. बावीस वर्षं सगळेच अध्यक्ष हसत आले होते. पण यंदा पाहुणे हसले नाहीत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. भाईंनी खाली वाकून फोन लावला.

हवालदार गुरुदास आला, लवूला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने फॉर्म भरला: तोंडाला दारूचा वास आहे. डोळे लाल. सरळ रेषेत चालता येत नाही. लवू मनातून खूश होता. रेषेवर न चालण्याची त्याची बावीस वर्षांची तालीम होती. मग डॉक्टरने सुई मागवली.

"रक्त कित्याक?" लवू एकदम स्पष्ट बोलला. "वास येता मां?"

"वासाने काही सिद्ध होत नाही, काका," डॉक्टर म्हणाला. "आता रक्तच बोलेल."

लवूच्या वतीने दुसरं कोणी बोलणार, असं बावीस वर्षांत प्रथमच घडत होतं.

तिथली लॅब टेक्निशियन नम्रता ही शेजारच्या वायरी गावची पोर. तिने त्याचं कोपर नुसत्या पाण्याने पुसलं. लवू म्हणाला, "स्पिरिट लाय गो बाय. बरा भरपूर लाय."

"दारूच्या केसला स्पिरिट लावत नाहीत, काका. उद्या तुमचाच वकील म्हणेल, दारू त्या बोळ्यातली होती म्हणून."

"म्हणूं देत नाय मी त्येका," लवू काकुळतीने म्हणाला.

रक्त काढून झालं, बाटलीत तळाशी पांढरी पूड होती तिच्यात घोळवलं गेलं, चिठ्ठी चिकटली, सही झाली, लाख लागली. गुरुदासने बाटल्या खोक्यात घातल्या आणि लवूला घरी जायला सांगितलं. जाताना त्याने सवयीने झोकांडी खाल्ली.

तिथून चालणं सुरू झालं.

दारूच्या गुन्ह्याचं त्याला काही वाटत नव्हतं. भीती होती ती उलटी. रिपोर्टात काही सापडलं नाही, तर जाकिटांचं बोलला ते तो शुद्धीत बोलला. मग फरशीचंही शुद्धीत. रात्री चोरून वाळू काढणाऱ्या होडीचं शुद्धीत. सुभद्रेच्या खानावळीतल्या सुरमईच्या वयाबद्दल बोलला तेही शुद्धीत. बावीस वर्षांत तो जे जे बोलला होता ते सगळं एका कागदाने जिवंत होऊन दारात उभं राहणार होतं. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, उपाशीपोटी, मथुरा.

आठव्या दिवशी तो चार बांगडे घेऊन नम्रतेकडे गेला.

"बाय, एक इचारतंय. बाटलीतल्या बाटलीत दारू तयार होता काय?"

नम्रता चपापली. "होते कधीकधी. रक्तात साखर असते, त्यात जंतू गेले आणि उन्हात राहिलं तर आंबतं. माडी आंबते तसंच."

लवूच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा तेज आलं. "गुरुदास म्हणता, पोलिसठाण्यात दोन दिस लाइट नाय हुती. फ्रिज बंद!"

"म्हणून तर ती पांढरी पूड घालतात, काका. जंतूंचं काही चालत नाही तिच्यापुढे."

"तू पूड इसरलंस तर नाय?" त्याने आशेने विचारलं. "इसारता माणूस. कामाचो ताण आसता."

"मी विसरत नाही," नम्रता दुखावून म्हणाली. तिने त्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस शिक्षण घेतलं होतं, त्यामुळे ते सगळं तिला सांगावंसंही वाटत होतं. थोडंसं रक्त छोट्या कुपीत घालून झाकण घट्ट लावायचं. कुपी गरम करायची. रक्ताला कोणी हात लावत नाही. वर साठलेली वाफ तेवढी सुईने ओढून घ्यायची. "आमटीचं झाकण उघडलं की आत काय मासा आहे ते तुम्हाला वासावरनं कळतं ना, तसं." ती वाफ मग तीस मीटर लांब केसासारख्या नळीतून सोडतात. दारू एका ठरावीक मिनिटाला बाहेर पडते, विषारी दारूतलं मिथेनॉल वेगळ्या मिनिटाला, नेलपॉलिश काढायचं औषध वेगळ्या. एकाची जागा दुसरा घेत नाही. आणि सगळं दोनदा करतात. दोन उत्तरं जुळली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.

"दोनदा?" लवू खचला.

"लघवीचं वेगळं. आणि डोळे लाल होते म्हणून डॉक्टरांनी गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या, सगळंच तपासायला लिहिलंय." नम्रतेने आवाज खाली आणला. "काका, घाबरू नका. कमी येण्यासाठी काय करता येईल असं सगळेच विचारतात. पण खरं सांगते, त्यात कोणाला काही करता येत नाही."

"आणि जास्त येवक?"

नम्रतेने बांगडे परत केले.

मग तो गुरुदासकडे गेला. गुन्हा कबूल करून टाकतो, म्हणाला. गुरुदास अंगावर वर्दी असली की शुद्ध मराठीत बोलायचा. "कबूल कशाला होतोस? रिपोर्ट येऊ दे."

"रिपोर्ट नको. मी प्यालेलंय. लिवन घे. वीस ग्लास."

"वीस ग्लासांनी माणूस दवाखान्यात चालत येत नाही, आडवा येतो. आणि नुसत्या कबुलीने भागत नाही, लवू. कागद लागतो. तुझं रक्त आता सरकारचं आहे, ते तुझं ऐकत नाही. घरी जा."

घरी तरी काय होतं! हंगाम सुरू झाला होता. किनाऱ्यावर लांबट पिवळा केळ्याच्या आकाराचा फुगा, त्यावर सहा पर्यटक बसवतात, बोटीने ओढत नेतात आणि खोल पाण्यात मुद्दाम उलटतात. हीच त्यातली गंमत, आणि तिच्यासाठीच लोक येतात. अंगात ती नवी नारिंगी जाकिटं. लवू किनाऱ्यावर उभा राहून मोजायचा. सहा पडले. चार वर आले. पाच. सहावा खूप वेळाने, खोकत खोकत. बोटवाले हात देऊन ओढून घ्यायचे, पर्यटक हसायचे, लवू मान फिरवून खाडीकडे चालू लागायचा. आपल्या होडीपुरती त्याने सहा बरी जाकिटं संघटनेच्या गोदामातून निवडून घेतली होती. ही गोष्ट त्याने प्यालेल्या अवस्थेतही कोणाला सांगितली नव्हती.

अडतिसाव्या दिवशी गुरुदास मोटारसायकलवरून आला. स्टॉपवरच्या चहाच्या टपरीवर वीसेक माणसं होती. त्याने तिथेच पाकीट फोडलं.

"लवू मालंडकर! अभिनंदन! सुटलास!" आणि वाचायला लागला. "रक्त: अल्कोहोल आढळून आले नाही. लघवी: अल्कोहोल आढळून आले नाही."

"गांजा?" लवूने क्षीण आवाजात विचारलं.

"निरंक."

"झोपेची गोळी तरी?"

"निरंक रे. सगळं निरंक. नारळपाण्यासारखं रक्त आहे तुझं."

सुभद्रेने कपबशी खाली ठेवली. "म्हणजे माझी सुरमय मिसरूड फुटलेली आसा म्हणालंस, ता शुद्धीत?"

"सुभद्रा, तां..."

"आणि माझ्या बापाशीच्या तेराव्याक," मागून एकजण उठला, "'मेलो तो, पण मापात पाप सोडून गेलो' म्हणालंस तां?"

दिवस मावळेपर्यंत लवूच्या दारापुढच्या खळ्यात सात माणसं येऊन गेली. एकाने तारखा लिहून आणल्या होत्या. मथुरा ओटीवर बसून मासे निवडत होती. लवूला तिने पुढच्या चार दिवसांत एकच शब्द सांगितला, 'जेवा', आणि आमटीत मीठ नव्हतं. तेही त्याने बोलून दाखवलं नाही.

रिपोर्टानंतर पाचव्या दिवशी भाई चोपडेकर स्वतः आले. लवू घाबरून उभा राहिला. पण भाई खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लवू, बस. त्या रिपोर्टात चूक आसा."

"काय?"

"मशीनच ती. मशीनीक काय कळता? मी डोळ्यान बगितलंय, तू पडत होतंस. पाडलंस ती खुर्ची आजून मोडलेली आसा. ते दोन पाहुणे माका रोज फोन करून इचारतत, 'तो मनुष्य शुद्धीत होता का हो?' काय सांगू मी?" भाईंचा चेहरा सदतीस दिवस चाललेल्या माणसासारखा दिसत होता. "तू प्यालेलं होतंस मां?"

"होय भाई!" लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. "तर्र होतंय!"

"रविवारी खास सभा लावतंय. ठराव करूया. सभासद श्री. मालंडकर सदर दिवशी नशेत होते, असं सभेचं एकमत आहे. तू फकत 'होय' म्हण आणि सही कर. विषय संपलो."

दोघांनी चहा घेतला. एका माणसाच्या रक्तात दारू असावी म्हणून फिर्यादी आणि आरोपी एवढ्या जिव्हाळ्याने कधी बसले नसतील.

रविवारी समाजमंदिर भरलं. होम-स्टे चालवणाऱ्या बायका मागच्या बाकांवर होत्या. दत्तप्रसादने ठराव वाचला. त्यात प्रयोगशाळेबद्दल पूर्ण आदर व्यक्त करून ती चुकली आहे असं म्हटलं होतं. भाई म्हणाले, "ज्येंका मान्य आसा त्येंनी हात वर करा." ज्यांना लवू बावीस वर्षांत काही ना काही बोलला होता त्यांनी सगळ्यांनी हात उचलले. तो शुद्धीत नव्हता असं ठरलं तर तेही सगळे सुटणार होते. सुभद्रेने दोन्ही हात वर केले.

"माका एक इचारूचा आसा," मागून आवाज आला.

मथुरा उभी होती. तिच्या हातात गुरुदासकडून मागून आणलेली रिपोर्टाची प्रत होती.

"मी बावीस वर्सां सोमवार धरलंय. सगळ्यांका म्हायती आसा. ह्येंची दारू सुटांदे म्हणून कुणकेश्वराक गाऱ्हाणा घातलंय. आता हो सरकारचो कागद इलो. शिक्को आसा, दोनदा तपासलेला आसा. सुटली म्हणता. आणि तुमी हात वर करून म्हणतास, सुटाक नाय." तिने कागद वर धरला. "म्हणजे देव खोटो?"

भाई हसायला गेले. "तसा न्हय गो वयनी, मशीन..."

"मशीनीचा माका सांगू नका. माझे सोमवार फुकट गेले काय, तेवढाच सांगा. ज्येका वाटता फुकट गेले त्येनी हात वरच ठेवा. मी नावां बगून घेतंय. देवाक सांगूक होयी."

विज्ञानाच्या विरोधात हात वर करणं सोपं होतं. तीस मीटरची नळी कोणाच्या स्वप्नात येत नाही. पण कुणकेश्वराच्या विरोधात हात तसाच ठेवायचा म्हणजे उद्या होडी त्याच्याच समुद्रात लोटायची होती. पहिला हात सुभद्रेने खाली घेतला, मग दुसरा. मग पाऊस थांबल्यावर छत्र्या मिटाव्यात तसे सगळे मिटत गेले. शेवटी एकटे भाई राहिले होते. त्यांनी त्या हाताने केस सारखे केले.

"ठराव नामंजूर," दत्तप्रसाद पुटपुटला.

मथुरा पुढे आली, लवूच्या बाजूने जाताना क्षणभर वाकली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "सोलां जास्त पडतत म्हणालंत, तां घराकडे बगूया." मग मोठ्याने, "बोला आता. काय बोलत होतंत तां बोला."

लवू उठला. माइक हातात घेतला. त्याला कळेना, उभं कसं राहायचं. झोकांडी न खाता त्याने या समाजमंदिरात कधी तोंड उघडलं नव्हतं. पाय सरळ ठेवले तर शब्द सापडेनात. तो मोठी मोठी वाक्यं शोधत होता, ती गुळणीबरोबर कधीच थुंकली गेली होती. राहिले होते ते आकडे.

"साठ जाकिटा," तो म्हणाला. आवाज फार लहान आला. "मी गोदामात एकेक दाबून बगितलंय. एकोणीस बरी आसत. एकेचाळीस स्पंजाची. त्यांतला एक बादलीत घालून ठेवलंय. दुपारपर्यंत तळाक गेला." त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. "त्या एकोणिसातली सहा मी माझ्या होडीक घेतलंय. कोणाक न सांगता."

कोणी हसलं नाही.

लवूने सवयीने हसण्याची वाट बघितली. पहिल्या रांगेतला एक होडीवाला उठला, कोणाकडे न बघता गोदामाच्या दिशेने चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. भाई फोनमध्ये काहीतरी वाचत होते. फोनचा पडदा काळा होता.

"हळू सांग," दत्तप्रसाद म्हणाला. "लिवन घेतंय. एकोणीस बरी, एकेचाळीस... हां. आणि ह्यां तू पुऱ्या शुद्धीत सांगतंस मां? तसा लिवचा लागतला."

आता बाहेर जाऊन खरोखरच एक ग्लास घ्यावा, असं लवूला बावीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

"होय," तो म्हणाला.

"मगे हयसर सही कर."

त्याने पेन घेतलं. सही ओळीच्या खाली घसरत गेली आणि शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर उमटलं.